मारुतीचा पाट

८ सप्टें., बोरी
पुण्याचं काम सोडलं. का ते परत कधी. आबा (आज्याचे धाकटे भाऊ) एकाहत्तरच्या लढाईत टँक चालवायचे. त्यांच्या टँक रेजिमेंटचं पुस्तक निघायलंय. कर्नलसाहेबाचा फोन आला, तुमच्या टँकचं काय झालं ते लिहून पाठवा. आबाचा हात कापतो, म्हणून मी लिहायचं. आबा म्हणाले, "तुला तरी कुठं कामं पडलेत?" खरंय.

१० सप्टें.
लिहायला बसलो. टँकात चौघं. आबा पुढं, खाली. वर साहेब, तोफवाला आन् गोळे भरणारा मारुती, राणीसावरगावचा, मेंढरंवाल्याचा पोरगा. एका जिल्ह्याचे म्हणून दोघांची जोडी. कानातलं यंत्र बंद पडलं की मारुती मागून काठीनं आबाच्या खांद्याला टोचायचा. डावीकडं, उजवीकडं. "शिव्याबी मेंढरालाच देतेत तसल्या!" आबा लय हसले.
गोळा लागला तिथपर्यंत आलो, तर म्हणाले, सोयाबीनमधी पाणी साचलंय का बघून ये. गेलो. बाभळीवर सुगरणीची घरटी. तिथंच दिवस मावळला.

१४ सप्टें., मानवत
आबा पुढचं सांगंनात, म्हणून निघालो होतो राणीसावरगावला, मारुतीच्या घरी. ट्रकवाला गप्पिष्ट भेटला. उतरलो ते इथं, भलतीकडंच. उद्या.

१५ सप्टें., राणीसावरगाव
मारुतीच्या घरी. त्यांची बायको गिरजाआजी. कपाळाला कुंकू. टँक दुश्मनाच्या हद्दीत राहिला, कागदावर मारुती अजून बेपत्ता. लेक तुकाराम तवा पोटात होता. पितरांचे दिवस. तुकाराम म्हणतो, औंदा तरी बापाचं पितर घालू.
आजी : "जित्या माणसाचं पितर घालतेत का रं? बघितलंय कुणी?" मग माझ्याकडं वळून, "तुझ्या आबानं बघितलं आसंल. एकदाबी आले न्हाईत."
मी चहा पीत राहिलो.

१७ सप्टें., बोरी
आबाला सांगितलं. त्यांनी कूस बदलली. मग भिंतीकडं तोंड करून —
"मी पुढच्या झाकणातून निघालो. वरचं उघडलंच न्हाई. मारुती आतून काठी वाजवायलता. मग वाजायची थांबली."
लिहू?
"लिहिलं की छापणार. छापलं की तिचं कुंकू... मी पुसू व्हय?"
वही मिटली.

१९ सप्टें.
तुकारामचा फोन. आजीचा निरोप : सर्वपित्रीला आबांनी जेवायला यावं. मारुतीच्या पाटावर.
आमच्याकडं पितर म्हणून कुणाला तरी पाटावर बसवतेत. त्यानं घास घेतला की मेलेल्याला पोचला. म्हणजे आबानं तोंडानं काहीच सांगायचं न्हाई, नुसतं जेवायचं.
आबा म्हणाले, "फौजेत पाहिजे होती ही बाई." मग, "न्हाव्याला बोलव."
कर्नलसाहेबाचा फोन. थांबा म्हणलं.

२१ सप्टें., राणीसावरगाव
उंबऱ्यात आजीनं आबाच्या पायावर पाणी घातलं.
"लय वर्षं लावली, भावजी."
"पाय उचलंना, वहिनी."
पाट. ताटात भात, कढी, वडे, खीर. आबा उभेच. तुकाराम त्यांच्याकडं बघायलता, तसं मी कुणाला बघताना बघितलं न्हाई. आजीचं कुंकू आज ताजं, मोठं.
"बसा. निवायलंय."
बसले. आजीनं भातावर तूप वाढलं आन् समोरच बसली. आबानं भात कालवला. परत कालवला. घास उचलला, तोंडापाशी नेला, आन् तिच्याकडं बघितलं.
ती म्हणाली, "घ्या."
मी बाहेर आलो. ओट्यावर बसून हे लिहायलोय. आत अजून कुणी बोललं न्हाई.