उजवा खांदा

९ फेब्रुवारी, सोमवार सकाळ

चि. ठमी हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा कधी दुखतो, कधी नाही. माझा खोकला सकाळी येतो आणि चहाबरोबर जातो. गॅसची नळी नवीन बसवली तरी मला वास येतो. तुझी आई म्हणते, वास नळीत नाही, तुमच्या नाकात आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू स्पीकर लावतेस आणि शेजारी तुझे सासरे बसलेले असतात. म्हणून लिहितो. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

व्याह्यांनी शिवलेल्या चौकडीच्या शर्टाचा फोटो पोचला. बरा आहे. खिशाच्या चौकडी अंगाच्या चौकडीशी जुळल्यात की नाही ते मी भिंग लावून पाहिलं. जुळल्यात. तुझ्या आईने तो फोटो वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना नेऊन दाखवला. "रिटायर झाल्यावर घरी शिकले हो," म्हणाली. बेचाळीस वर्षं मी दुकानात मशीन चालवली, माझ्या शर्टाचा एक फोटो या घरात नाही. मी म्हटलं, "विकतचा पॅटर्न आणायचा, कागदावरच्या रेघेवरून कापायचं. त्यात कसली आली कला?" ती म्हणाली, "मग तुम्ही का धुमसताय? तुमच्या पोटात दुखतंय, ओवा देऊ?"

दुखतंय. नाही कशाला म्हणू?

तू जन्मल्यापासून लग्नापर्यंत अंगाला विकतचा तयार कपडा लावला नाहीस. लग्नानंतरही मी पार्सल पाठवत होतो. मग एक दिवस तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही आता डोळ्यांना त्रास देऊ नका, अण्णा शिवतात माझे शर्ट." अण्णा शिवतात. तो माणूस साठ वर्षांचा होईपर्यंत सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारत होता.

ढगळ शर्टांचं ठीक होतं, त्यात काहीही खपतं. पण मग त्यांनी तुझं अस्तराचं जॅकेट शिवायला घेतलं आणि मला फोन केला. मला ते मास्टर म्हणतात, तुला ठाऊकच आहे. "मास्टर, उजव्या बाजूला मानेपासून काखेपर्यंत तिरकी घडी पडतेय. पॅटर्नमध्ये काय बदलू?"

मी म्हटलं, "बाही जिथे बसते ते मुंढे खोल करा. दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच."

त्यांनी केले. घडी तशीच राहिली, वर बाही ओढायला लागली. पुन्हा फोन. मी म्हटलं, "कापड नाठाळ आहे, उसवून पुन्हा बसवा." तीनदा उसवलं त्यांनी. आणि परवा तू सांगितलंस की अण्णांनी मशीनवर चादर टाकली, आता मला जमणार नाही म्हणाले, दिवसभर खिडकीशी बसून असतात. सासूबाई गेल्यानंतर बसायचे तसेच.

तू हे सांगत होतीस तेव्हा मला बरं वाटलं. फोन ठेवून मी दुसरा चहा मागितला. तो प्यायला गेला नाही.

ठमे, कापड नाठाळ नव्हतं. ती घडी कशाची, हे मला पहिल्याच फोनला कळलं होतं. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच उतरता आहे. तुला ते माहीत नाही, कारण मी कळूच दिलं नाही. शाळेच्या गणवेशापासून तुझ्या प्रत्येक कपड्याची उजवी बाजू मी वेगळ्या कागदावर आखली. विकतचा पॅटर्न अर्ध्या अंगाचा असतो, कापड दुमडून कापलं की दोन्ही बाजू सारख्या निघतात. तू सारखी नाहीस.

आता तू विचारशील, खांदा असा कशाने झाला.

तू दोन वर्षांची होतीस. तुझी आई बाजारात गेली होती. मी तुला कटिंगच्या टेबलावर बसवलं आणि गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घ्यायला वळलो. एवढंच. हाड जुळलं, पण खाली जुळलं. तुझ्या आईला मी सांगितलं, पोर पलंगावरून पडली. दुसऱ्या कुणी तुझं माप घ्यावं हे मला का खपत नव्हतं, ते आता तूच समजून घे. थोडी भीती होती. पण नुसती भीती असती तर मी व्याह्यांना वेळेत खरं सांगून मोकळा झालो असतो. तुझं अंग माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळू नये, हेही होतंच.

आता काम सांगतो. खोल केलेला मुंढा पुन्हा भरून येत नाही, म्हणून उजव्या खांद्यात आतून पॅड द्यायचं, बाहेरच्या टोकाला अर्धा इंच जाड, मानेकडे पातळ होत गेलेलं. त्याने ती बाजू उचलली जाईल आणि घडी जाईल. डावा मुंढा उगाच कापला गेला, त्या काखेत उरलेल्या कापडाची छोटी कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, लावायची. हात वर केलास की ती दिसेल. त्याला इलाज नाही, ते माझ्यामुळे आहे. आणि पुढच्या वेळी उजवा खांदा कागदावरच उतरता आखायला सांग.

हे पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून वाचून दाखव. डोळ्यांमुळे चूक झाली, असं माझ्या वतीने सांगू नकोस. मुंढा त्यांच्या हाताने बिघडला नाही, माझ्या तोंडाने बिघडला. ओव्याचंही वाच, हसले तर हसू देत.

तुझी आई आत डाळ निवडते आहे. पाकीट चिकटवायच्या आधी हे तिला वाचायला देणार आहे. चष्मा लावून ती सावकाश वाचते, तोवर मी समोर बसेन. तुझा फोन आला तर आधी तिला दे. नंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं तरच बोल.

तुला टेबलावर बसवून पाठ फिरवणारा,
बाबा