सामानाखाली गेलेलं टेबल

बाबा, आज सकाळी मी घरात सगळ्यांवर ओरडले. सासूबाईंवरसुद्धा. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी चिडले की तुमच्याशीच बोलावंसं वाटतं.

नारायणगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहतो. लेक यंदा दहावीला, म्हणून मी भिंतीत मिटणारं टेबल करून घेतलं. फळी खाली ओढली की टेबल, वर लावली की नुसती भिंत. फळीमागे चोरकप्पे, बसायच्या बाकाच्या पोटातही जागा. चित्र मीच काढून दिलं होतं. सुतारानं तेव्हाच बजावलं, "इसमें इत्ता सामान नक्को भरो मॅडम, कब्जे उखड जाते." बिजागऱ्या उखडतील म्हणे, पण मी कुठली ऐकते! पहिला आठवडा त्यात लेकीची पुस्तकं होती. मग सासूबाईंची औषधं आली, ह्यांच्या फायली आल्या, मिक्सरची जादा भांडी आली, बाकात तांदळाची गोणी गेली. "बाहेरून कुणाला दिसतंय का?" असं ह्यांचं म्हणणं. फळी उघडली की आतलं सगळं अंगावर येतं, म्हणून लेक ती उघडेनाशीच झाली. पलंगावर पोक काढून अभ्यास करते.

आज तिची ऑनलाइन सराव परीक्षा होती. तिनं फळी ओढली, फायलींचा गठ्ठा धाडकन फळीवर आदळला आणि एका बाजूची बिजागरीच निघाली. खोलीभर पसारा सांडला, म्हणून लॅपटॉप घेऊन ती जिन्यात जाऊन बसली. तिथं नेट पोचेना. अर्धा पेपर राहिला. परत आल्यावर रडली नाही, एवढंच म्हणाली, "आई, तू टेबल नै बनवली, कपाट बनवली." मग माझा तोल गेला. मी एकेक वस्तू ओढून पलंगावर फेकायला लागले. सासूबाई गोळ्यांच्या पट्ट्या गोळा करत म्हणाल्या, "मग मी हे कुठं ठेवू, तेवढं सांग." मी आणखीच ओरडले.

मग आठवली चिक्कडपल्लीची आपली एकच खोली. ऑफिसात मोडीत निघालेलं सागवानी टेबल तुम्ही बंडीवर घालून आणता. दारातून जात नाही, म्हणून त्याचे पाय सोडवून आत घेता. आई कपाळाला हात लावते, "आता झोपायचं कुठं?" तुम्ही म्हणता, "मी टेबलाखाली झोपतो." आणि माझं कॉलेज संपेपर्यंत खरोखर तिथं झोपलात. गावच्या शाळेत तुम्हाला वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकावं लागलं होतं, हे मला आईनं सांगितलं. तुम्ही कधीच बोलला नाहीत. नववीत असताना मी एकदा त्या टेबलावर भाजीची पिशवी ठेवली. तुम्ही ती उचलून माझ्या हातात दिलीत. "इथं पुस्तक. बाकी काही नाही. पाहुणा आला तरी नाही." पाहुण्यांसमोरच म्हणालात, मला फार राग आला होता. एवढी साधी तीन वाक्यं, पण माझ्या घरात मला ती एकदाही बोलता आली नाहीत. प्रत्येकाच्या सामानाला मीच पुस्तकं सरकवून जागा करून दिली, वर हसले.

हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमच्यामागे आई तिच्या भावाकडे गेली, खोली सोडली, तेव्हा ते टेबल मी भंगारवाल्याला देऊन टाकलं. आईनं विचारलं, तर वाळवी लागली होती म्हणून सांगितलं. वाळवी नव्हती, बाबा. माझ्या घरात ते मावणार नाही असं मी ठरवून टाकलं होतं. मोजूनसुद्धा पाहिलं नाही.