एका संध्याकाळचे दोन रोस

प्रिय सेव्हरिनबाय,

हिल्डाचा प्रेमपूर्वक नमस्कार. तुझं ब्लडप्रेशर उतरलं असेल अशी आशा आहे. माझं काल चढलं ते अजून वरच आहे.

बत्तीस वर्षं तुझ्या शेजारच्या वर्गात मी मुलींना ‘कात्रीत सापडणे’ शिकवलं आणि निम्म्या मुलींनी वाक्यात शिंप्याची कात्री आणली. तेव्हा मी शून्य दिलं. आता वाटतं, एखादा मार्क द्यायला हवा होता, कारण कात्री खरोखरच असते. माझ्या कात्रीचं एक पातं लिनेट आणि दुसरं आयडा. (दोघी माझ्याच विद्यार्थिनी. माझंच चुकलं.)

लिनेटचा एल्सन आणि आयडाची मेलिशा, दोघांची धर्ममाता मीच. बाप्तिस्म्याच्या वेळी ही बाळं पुढे एकमेकांशी लग्न करतील हे फादरनाही सुचलं नाही. काल दोन्ही घरी लग्नाच्या आदल्या दिवसाचा रोस, एकाच संध्याकाळी. आईबापांनंतर नारळाचं दूध चोळायचा पहिला मान धर्ममातेचा आणि रोस झालेल्याने चर्चला निघेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे दोघांना एकत्र बसवायची सोय नाही. मानापमानावरून जुंपलेल्या दोघी आयांनी मला वेगवेगळं गाठून बजावलं, “तिकडे गेलात तर आमचा संबंध संपला, टीचर.” मी दोघींना म्हटलं, “तुझ्याकडेच येते.” (हे खोटं नव्हे. दोघींकडे जाणारच होते.)

पाच वाजता आयडाकडे सगळं सुरळीत झालं. पदर खोचून निघणार, तोच मेलिशाच्या मामाने “टीचर कोरड्या कशा?” म्हणत उरलेला अख्खा तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. (याची बहीण सातवीत दोनदा बसली. घराणंच तसं.)

रिक्षाने लिनेटकडे पोचले. ती दारातच हुंगू लागली.

“टीचर, आमचं दूध अजून पातेल्यात आहे. तुमच्या केसांत कुणाचं?”

“मम्मी, आधी मला चोळू दे त्यांना, थंडी वाजतेय,” पाटावरून एल्सन ओरडला.

“तू गप्प बस रे! टीचर, खरं सांगा, नाहीतर मान माझ्या नणंदेला देते.”

मी डगमगले नाही. तिच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर दिलं, वाटी घेतली, आणि त्या पोराला पहिलं दूध मीच चोळलं. सरळ माणसाला कुणाचं भय नसतं.

तुझी,
हिल्डा

ता. क. उत्तर असं दिलं, की आयडाकडे सेव्हरिनबाय गेली होती आणि वाटेत तिने मला मिठी मारली. आज चार वाजता चर्चमध्ये आयडा “काल टीचर आल्या होत्या” म्हणाली, की तू लगेच म्हण, “ती मी.” (टीचर तूही आहेसच.)

आणखी एक. हे पत्र आणणाऱ्या पाववाल्याजवळ बाटलीत नारळाचं दूध दिलं आहे. निघण्यापूर्वी केसांना चोळ. कढीत घालू नकोस.