दोन क्लिकमधलं अंतर

९ मार्च १९८२, सनीवेल, कॅलिफोर्निया
उजव्या हाताचं बोट थरथरतंय. टेबलावर दाबून धरलं तरी! बाबांचंही असंच सुरू झालं होतं — आधी एक बोट, मग शर्टाची बटणं आई लावायची, मग घासही. कुणाला कळता कामा नये.

१५ मार्च
आज माझ्याच प्रोग्राममधलं चित्र मला उघडेना. माउसचं बटण दोनदा दाबायचं, एवढंच. दुसरा क्लिक उशिरा पडतो, आणि मशीनला ते दोन सुटे क्लिक वाटतात. नियम मीच लिहिलेला!
दार लावून दोन क्लिकमधल्या वेळेची सवलत वाढवली. आता उघडतं.

१८ मार्च
वेंडेलने पकडलंच. आमच्या गटाचा प्रमुख. त्याची बोटं नुसती पळतात.
"इल्डा, हे काय गं? मी सावकाश एकदा दाबतो, मग पुन्हा एकदा, तर हे सगळं उघडूनच बसतं! एवढी ढील कुणासाठी? तुझ्या आजीसाठी?"
"नव्या माणसांसाठी," म्हणाले. खोटं. हात टेबलाखाली.
"मग सोमवारी बोलाव त्यांना. जुन्या वेगाने जमलं, तर तुझी ढील गेली."
आणि मलाच करून दाखवायला सांगितलं तर?

२२ मार्च
मिसेस हॅलोरन आल्या. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, माउस पहिल्यांदाच हातात. जुन्या वेगाने चित्र काही उघडेना. प्रत्येक वेळी माझ्याकडे बघायच्या. शेवटी हात मांडीवर घेतला आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, मी बिघडवलं का गं तुझं यंत्र?"
मी ढिला वेग लावला. उघडलं! बाईंनी टाळ्याच वाजवल्या.
वेंडेल खुर्ची मागे सारत म्हणाला, "राहू दे तुझं."
जिंकले. पण मी हे त्यांच्यासाठी कुठे केलं होतं?

२३ मार्च
डॉक्टरांनी रक्त घेतलं. बाबांबद्दल विचारलं.

२६ मार्च
फोन नाही. वाजला की दचकते, नाही वाजला तरी.

२ एप्रिल
"थायरॉइड आहे. वडिलांचा आजार नाही. गोळ्या घ्या, थरथर जाईल." फोन ठेवला आणि जिन्यात बसून रडले. वेंडेल वरून उतरत होता. काही न विचारता रुमाल देऊन गेला.

११ मे
हात आता अगदी स्थिर. आज पुन्हा बाहेरची माणसं प्रोग्राम वापरून बघायला आली होती. एक निवृत्त पोस्टमन फार वेळ लावत होते. माझ्या तोंडून गेलं — "अहो, दाबा ना लवकर!" त्यांनी हात मागे घेतला.
ते गेल्यावर सवलत कमी करायला मी प्रोग्राम उघडला. वेंडेलने सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं.