हातोडी उठायच्या आत

आई, काल थोरल्या पोराच्या टेम्पोच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे बसले म्हणून तो दौंडला निघाला होता. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, मीच चढून बसले. तिथल्या पाट्यांच्या दुकानात आता एक मशीन आहे. सपाट झालेला पाटा त्यात घालतात, बटण दाबतात, की पाट्याला पुन्हा बाक येतो. मी विचारलं, "घण कुठं हाय तुमचा?" दुकानदार हसला. "मावशी, घण आता कोन मारतंय?" मला त्याचा रागच आला. घरी येऊन भाकरी केल्या, सगळ्यांना वाढलं, आणि आज दुपारी नातवाच्या वहीतली पानं फाडून बसले आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता किती वर्षं झाली. तरी तुलाच लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर तो आधी माझ्या हातांकडे बघेल.

आपली जागा शिरूरला, नगर रस्त्याच्या कडेच्या लिंबाखाली. दुष्काळाचं साल होतं. सरकारी कामावर खडी नेणारे ट्रक दिवसभर धावायचे. गाड्या जुन्या, माल दुप्पट, त्यामुळे मागचे पाटे एक तर सपाट व्हायचे नाही तर मोडायचे. पाटा तापवला तर पोलादाचं पाणी उतरतं, म्हणून आपण तो थंडच ठोकायचो. दोन लोखंडी ठोकळ्यांवर पाळण्यासारखा मांडायचा आणि मधे घण घालायचा, बोट बोट पुढे सरकवत. बा समोर बसायचा. डाव्या हातानं पाटा धरायचा, उजव्या हातातली छोटी हातोडी जिथे घाव हवा तिथे टेकवायचा. हातोडी टेकली, उठली, की घण पडायचा. आपल्या लोकांत घण बाईनंच मारायचा. म्हणजे तू.

आणि बाचा तोच उजवा हात तुला मारायचा. इंजिनच्या तुटक्या पट्ट्यानं, चपलेनं, काही नसलं तर नुसताच. कालवणात मीठ जास्त झालं म्हणून, गिऱ्हाइकाकडे बघितलंस म्हणून, बघितलं नाहीस म्हणूनही. सकाळी सुजलेल्या डोळ्यानं तू घण उचलायचीस आणि त्याच्या बोटांपासून चार बोटं लांब, नेमका तिथेच उतरवायचीस. ट्रकवाले चहा पीत बघत राहायचे. तुझ्या पाठीला हळद लावताना मी एकदा म्हटलं होतं, "आये, एक डाव चुकव की." तू म्हणालीस, "पाटा गिऱ्हाइकाचा हाय." एवढंच. त्या दिवशी मला बापाइतकाच तुझाही राग आला होता. पण नेम शिकवलास तो तूच. ऐरणीवर लिंबाचं पान ठेवायचीस. पान चेचलं पाहिजे, देठ शाबूत राहिला पाहिजे. सतराव्या वर्षी माझा एकही देठ तुटत नव्हता.

मग तो भांडगावचा ट्रक आला. पाटे सुटे करून ठेवले, तर सगळ्यात वरच्या मोठ्या पाट्याला टोकाशी केसाएवढी भेग होती. ती तुला आधी दिसली. बा तो तसाच ठोकून द्यायला निघाला होता. तू ड्रायव्हरला म्हणालीस, "दादा, ह्यो न्हाई चालायचा. भरल्या गाडीत मोडंल, मानसं मरतील." बा उठला. मोडक्या पाट्याचा हातभर तुकडा पडला होता, तो त्यानं उचलला आणि तुझ्या उजव्या हातावर घातला. सुकी फाटी मोडल्यासारखा आवाज झाला. तू ओरडली नाहीस, खाली बसलीस आणि तो हात मांडीवर घेतलास. ड्रायव्हर टायरकडे बघायला लागला. "गिऱ्हाइकाशी बाईनं बोलायचं न्हाई, किती डाव सांगायचं?" बा म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून, "उचल घण."

मी उचलते. बा पाटा मांडतो, हातोडी टेकवतो, उचलतो. मी मारते. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे नेमके. तो मान हलवतो, बरी शिकली म्हणून. सहावा घाव बसतो तोवर तो तंबाखू चघळत निवांत झालेला आहे. सातव्याला हातोडी टेकली आणि ती उठायच्या आत घण उतरला. हातोडीचा दांडा फुटला आणि त्याखाली बोटं फुटली. बा आधी ओरडलाच नाही, हात कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला. मग जे ओरडला ते स्टँडवरची माणसं धावत आली. ड्रायव्हर रस्त्याकडेला जाऊन ओकला. तू मोडका हात छातीशी धरून उठलीस, पदराचं टोक दातांनी फाडलंस आणि त्याचा हात बांधलास. मग माझ्याकडे बघून विचारलंस, "घाई झाली का गं?"

मी म्हटलं, "व्हय. घाई झाली."

सरकारी दवाखान्यात तुम्हा दोघांना एकाच बाकावर बसवलं होतं. डॉक्टरनं तुझ्या हाताचं विचारलं, तू म्हणालीस, पडले. बाच्या हाताचं विचारलं, तू म्हणालीस, पोरगी नवी हाय, घाई झाली. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं काढली. तुझा हात वाकडा जुळला, घण उचलण्यातला राहिला नाही. घाई झाली नव्हती, आई. त्याचा हात निर्धास्त व्हावा म्हणून सहा घाव मी मोजून नीट मारले होते. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. आज नातवंडांची आजी होऊन लिहिते आहे, तरी वाटत नाही.

शिरूरला जो तो बाला थांबवून हात बघायचा, म्हणून त्यानंच बिऱ्हाड दौंडला हलवलं. तिथे घण माझा, आणि समोर पाटा धरायला तू. हातोडी तुझ्या डाव्या हातात, वाकड्या उजव्यानं पाटा दाबलेला. बा घावापासून हात चार बोटं लांब ठेवायचा, तू दोनच ठेवायचीस. मी म्हणायचे, "आये, हात मागं घे." तू म्हणायचीस, "मार तू." घाई करणाऱ्या पोरीच्या घणाखाली अशी बोटं कोण ठेवतं? तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तू ते मला एवढ्या एकाच रीतीनं सांगितलंस. मीच मूर्ख, मला ते कळायला वर्ष गेलं.

आता राहिलं ते सांगते. बा डाव्या हातानं जेवणार नाही म्हणाला, म्हणून तू त्याला भरवायचीस, दोन वेळा, रोज. तुझ्या त्याच वाकड्या हातानं. एका दुपारी ऊसवाल्या ट्रकचे पाटे मांडलेले होते. बाला आमटी तिखट लागली. त्यानं तोंडातला घास तुझ्या तोंडावर थुंकला आणि बाजेवरूनच तुझ्या पोटात लाथ घातली. मी घण घेऊन उभी होते. मला वाटलं, आता तरी ताट फेकशील. तू पदरानं तोंड पुसलंस, आमटीत पाणी घातलंस आणि पुढचा घास केलास. ताट रिकामं झाल्यावर हात धुऊन तू माझ्यासमोर येऊन बसलीस. पाट्यावर हात ठेवलास, हातोडी टेकवलीस.

घण माझ्या डोक्यावर होता. हातोडी अजून उठली नव्हती आणि माझा घण उतरायला निघाला होता; खाली तुझी बोटं होती, ज्यांनी आत्ताच त्याला भरवलं होतं. मी घण बाजूला टाकला आणि म्हटलं, "थांब, पानी पिऊन येते." रांजणापाशी गेले, भिंतीला धरून उभी राहिले. बराच वेळ गेला असेल, कारण ट्रकवाला हाका मारायला लागला. परत आले तर तू जागची हलली नव्हतीस. बोटं तिथेच होती, दोन बोटं लांब. "पिलीस का?" तू विचारलंस. मी म्हटलं, "पिले." आणि घण उचलला.

पानं संपत आली. सून विचारते आहे, कुणाला पत्र. बहिणीला म्हणून सांगितलं. हे मी घडी करून डब्यात ठेवणार आहे, ज्वारीखाली.

मी रांजणात तांब्या बुडवलाच नव्हता, आई. मला तहान लागली नव्हती.