इंजिनावरचा घासलेला नंबर

तुमसर, १२ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाबांना जाऊन महिना झाला. त्यांच्या जीपचं इंजिन मूळचंच आहे का, हे बघायला आज नागपूरहून जाणकार आले. कागदावरचा नंबर इंजिनावर सापडेना.

"दादा, नंबर कोनं घासला?" त्यांनी मला विचारलं.

"मीच."

बाबा दवाखान्यात असताना गंज काढायला मी ग्राइंडर लावला होता. काय करून बसलो! घरी आल्यावर त्यांनी त्या गुळगुळीत जागेवरून बोट फिरवलं. "बढिया चमकून राहिली रे," एवढंच म्हणाले. मी ते कौतुक समजलो.

लोक चिडवायचे, "मास्तर, इंजिन बदललेलंच हाय तुमचं." बाबा हसत बॉनेट उघडून नंबर दाखवायचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी कोणासमोर बॉनेट उघडलं नाही. का, हे मी विचारलंही नाही.