जागलेलं मांस

प्रिय ठकू,

तुझा निरोप मिळाला. तिकडच्या मोठ्या इस्पितळात तू माझ्यासाठी खाट धरून ठेवली आहेस, फुप्फुसांच्या नावाजलेल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं आहेस आणि सोमवारी सकाळी ऑक्सिजनची सोय असलेली गाडी माझ्या दारात उभी राहणार आहे. मी फक्त हो म्हणायचं. उंटावरून शेळ्या कशा हाकाव्यात ते तुझ्याकडून शिकावं, बाई! पूल बांधून बांधून तुला आता माणसंही या काठावरून त्या काठावर नेता येतील असं वाटायला लागलंय. रागावू नकोस. माझं उत्तर नाही असं आहे. पण फोनवर चार शब्दांत मला धाप लागते, मला धाप लागली की तू घाबरतेस आणि तू घाबरलीस की मी हो म्हणून मोकळी होते. कागदावर मला हवं तिथे थांबता येतं, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी इकडची खबरबात. माझा पलंग आता पुढच्या खोलीत आणलाय, खिडकीशी. ऑक्सिजनचं यंत्र कोपऱ्यात दिवसभर घरघरत असतं. मावशी म्हणतात, या वयात दुसरा नवरा आणलात तोही घोरणाराच. मला सांभाळायला ठेवलेली ही बाई तुझ्यापेक्षा फटकळ आहे, त्यामुळे आमचं बरं जमतं. यंत्राची नळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, पुढे नाही. मग मी उंबऱ्यात खुर्ची टाकून बसते आणि फोडणी जळतेय, झाकण घाला, अशा सूचना करते. सासूच्या तावडीतून सुटले होते, पुन्हा सापडले, असं त्या भांड्यांना ऐकवतात. डोकं धुवायचं म्हटलं की सकाळ जाते. डॉक्टरीणबाई परवा येऊन गेल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकत राहिल्या, मग तो गळ्यात अडकवला आणि माझ्या जुन्या नोकरीबद्दल विचारायला लागल्या. डॉक्टर असा विषय बदलतो तेव्हा काय समजायचं ते समजावं. मी सरळ विचारलं आणि त्यांनीही सरळ सांगितलं. फुप्फुसं चिवट झाली आहेत, ती परत मऊ होत नाहीत. तुझ्या नावाजलेल्या डॉक्टरांनीही तुला हेच सांगितलंय, फक्त गोड भाषेत. चिवटपणा मोजण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मला भाषा गोड करून लागत नाही.

प्रयोगशाळेत माझ्या जागी आलेली बाई गेल्या आठवड्यात भेटून गेली. ‘जागलेलं मांस’ हा आमचा शब्द ती आता वर्गात शिकवते म्हणे. मला हसू आलं. तो शब्द आमच्या कापणीच्या टेबलावरचा, अगदी घरगुती. तुला आठवतं का, शाळेत निबंध लिहिला होतास? ‘माझी आई मेलेल्या मेंढ्यांची डॉक्टर आहे. तिच्या हातून आजवर कोणीही बरं झालेलं नाही.’ तुझ्या बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. तुझे बाबा चष्म्याच्या दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला आधी तो निबंध वाचून दाखवायचे आणि मग नंबर तपासायचे. मी मात्र फुगून बसले होते. माझं काम म्हणजे खाटिकखान्याची शेपटी नाही, ते शास्त्र आहे, असं मी तुम्हा दोघांना जेवताना ऐकवलं होतं आणि तुम्ही दोघं ताटात बघून हसत होता.

ते शास्त्र तुला तेव्हा कंटाळवाणं वाटायचं, आता थोडं ऐक. जिवंत जनावराच्या स्नायूंत साखरेचा साठा असतो. जनावर कापल्यावर त्या साखरेचं हळूहळू आम्ल होतं. त्या आम्लामुळेच मांस गुलाबी दिसतं, शिजल्यावर मऊ होतं आणि टिकतं. पण जनावर आधीच खूप भ्यालं असेल, धडपडलं असेल, त्यानं रात्रभर डोळा मिटला नसेल, तर तो साठा जिवंतपणीच जळून जातो. मग दुसऱ्या दिवशी मांसात आम्ल मोजायची सुई खुपसली की आम्ल सापडत नाही. रंग काळपट, सुरीला चिकटणारं, कोरडं. ते लवकर सडतंही. त्यालाच आम्ही जागलेलं म्हणायचो. लहानपणी तू मला विचारलं होतंस, मेंढीला पुढचं कळतं का गं? मी म्हणाले होते, मी आम्ल मोजते, कळणं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. उत्तर चांगलं होतं, पण तुझ्या प्रश्नाच्या तोंडाला त्याने पानंच पुसली.

आमच्या मोठ्या साहेबांचं मत होतं की सगळा दोष वाहतुकीचा. गाडी फार लांबून येते, हादरे बसतात, म्हणून मांस बिघडतं. मी एक साधा प्रयोग मांडला. एकाच कळपातल्या मेंढ्या, एकच गाडी, तेच अंतर, तोच चारा, तेच पाणी. उतरवल्यावर काहींना आपल्या ओळखीच्या मेंढ्यांबरोबर ठेवलं, काहींना एकेकटं, दिव्याखाली, अनोळखी माणसांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर. तुकड्यांवर नुसते क्रमांक, कुठला तुकडा कुणाचा ते मला ठाऊक नाही. पण सुई खुपसायच्या आधीच मला कळायला लागलं होतं. एकटं ठेवलेलं जनावर जागलेलं निघायचं. हादरे सगळ्यांनी सारखेच खाल्ले होते. साहेब म्हणाले, म्हणजे मेंढीला सोबत लागते, एवढंच ना? यासाठी इतकी वर्षं काथ्याकूट केलीत? पण मग मांस विकणाऱ्यांनी गोठे बदलले, दिवे मंद केले. मेंढीची दया म्हणून नाही, मांस काळं पडू नये म्हणून. मलाही तेव्हा मेंढीचं काही पडलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला आकडा हवा होता आणि तो मिळाला होता.

आता तुझ्या बाबांविषयी. आपण दोघी ते गेल्यापासून त्यांच्या गमती सांगतो, त्यांचं दुकान, त्यांचे विनोद, पण ते शेवटचे दिवस आपण टाळतो. त्यांना मोठ्या इस्पितळात न्यायचं आपण मिळून ठरवलं होतं. ते बरोबरच होतं, हे आधी नीट वाच. त्यांचा आजार बरा होण्यासारखा होता, न्यायलाच हवं होतं. उद्या तुला तसं काही झालं तर मीच तुला उचलून नेईन, यंत्रासकट. पण तू आत जायचीस तेव्हा ते औषधाच्या गुंगीत असायचे. मी त्यांना जागं पाहिलेलं आहे. आत नेताना त्यांचा चष्मा काढून पिशवीत घालून माझ्या हातात दिला होता. तो लावू द्या, असं मी दोनदा सांगून पाहिलं, पण तोंडावरच्या पट्ट्यांमुळे तो बसेना. साऱ्या गावाला चष्मे लावणारा माणूस, चष्म्याशिवाय त्यांना हाताच्या अंतरावरचा चेहरा ओळखू यायचा नाही. भोवती सगळे एकाच रंगाच्या कपड्यांतले, तोंडं झाकलेले. घशातली नळी ते सारखी उपटायला बघायचे, म्हणून मनगटं पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेली. तिथल्या मुली वाईट नव्हत्या, त्यांनाही पर्याय नव्हता. मी जवळ जाऊन म्हणाले, अहो, मी आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझ्या मागे दाराकडे बघत होते. मी ती नजर आयुष्यभर गोठ्यात पाहिली होती.

ते गेले तेव्हा तू खाली औषधं आणायला गेली होतीस. मला लगेच आत घेतलं. मनगटाची पट्टी सोडावी म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला, तर बोटं वळेनात. नुकतेच गेले होते, अंग गरम होतं आणि हात लाकडासारखा. माणूस गेल्यावर हात असा व्हायला काही तास जावे लागतात, ठकू. स्नायूंतला साठा संपतो तेव्हा ते आखडतात. साठा आधीच संपलेला असला तर वेळ लागत नाही. कुणी डॉक्टर म्हणेल, तापातही असं होतं, आणि ते खरंही असेल. मी माणसांची डॉक्टर नाही, तूच लिहिलं होतंस. पण माझ्या हाताला जे समजायचं ते समजलं. तेवढ्यात तू धापा टाकत वर आलीस आणि मला विचारलंस, “शांतपणे गेले ना गं?” मी म्हणाले, “हो, झोपेतच.” तुझा चेहरा थोडा निवळला. त्यानंतर मी कधी हा विषय काढला नाही आणि काढणारही नव्हते. तुला हे वाचताना काय होईल ते मला कळतंय. पण आता मला दुसरा मार्ग दिसत नाही.

गाडी नको, एवढंच सांगायचं असतं तर फोनवरचे दोन शब्द पुरले असते. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. एक दिवस असा येईल की यंत्र चालू असूनही श्वास पुरणार नाही. डॉक्टरीणबाई घरी यायला तयार आहेत. धाप शमवायचं, गुंगी आणायचं औषध त्या देतील आणि त्याने उतार पडेल. पण त्या पोचेपर्यंत आणि औषध लागू होईपर्यंत मधला काही वेळ जाईल. आज खिडकीशी बसून मला शहाणपण सुचतंय. त्या वेळी मी शहाणी नसेन. भीती अंगात शिरली की काय होतं ते माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? मी तुला गाडी बोलव म्हणेन. तुझे हात घट्ट धरेन, बाबांची शपथ घालीन, तू मला मारायला बसली आहेस असंही म्हणेन. मावशींना ते सोसवणार नाही, त्या कनवाळू आहेत, पहिल्या हाकेलाच फोन उचलतील. डॉक्टरीणबाई दुसऱ्या घरी असू शकतात. आईला नाही म्हणायचा सराव या जगात फक्त तुला आहे. म्हणून सोमवारची गाडी रद्द कर आणि तू ये. राहायला ये. माझ्याजवळ बस, मला दिसशील अशी, आणि मी कितीही मागितलं तरी मला कुठे पाठवू नकोस. तेव्हा मी तुला जे काही बोलेन ते माझं बोलणं धरू नकोस. माझं शेवटचं बोलणं हे आहे, ते मी आज शुद्धीवर असताना लिहून ठेवते आहे.

तुझीच,
आई